नव्या शॉवर ट्रेसाठी निचरा हलवून घेतला: एका सेवेचे परीक्षण

दुकानाच्या दालनात शॉवर ट्रे, म्हणजे शॉवरखाली उभे राहण्याचा तयार तळ, भिंतीला टेकवून उभा केलेला असतो, त्यामुळे त्याचा पांढराशुभ्र पृष्ठभाग, बोटाला जाणवणारा खरखरीत पोत आणि चकचकीत झाकण एवढेच आपल्याला दिसते. झाकणाखालचे भोक आपल्या घरातील निचऱ्याच्या जाळीच्या बरोबर वर येणार आहे की नाही, हा प्रश्न तिथे कोणी विचारत नाही. मीही विचारला नव्हता. माझ्या बाबतीत ते भोक जुन्या जाळीपासून सुमारे २५५ मिलिमीटर दूर येणार होते. वीतभर अंतर, पण पुढची जवळजवळ सगळी मेहनत आणि बराचसा मनस्ताप त्या वीतभरात होता.

हे परीक्षण ज्या सेवेचे आहे तिने ट्रे विकणे, जागेची पाहणी करणे, निचऱ्याची जागा हलवणे आणि ट्रे बसवून देणे अशी चारही कामे एकत्र घेतली होती. सेवेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण एकाच गणवेशात आलेल्या दोन माणसांच्या कामात जमीन-अस्मानाचा फरक होता आणि नावावरून वाचकाला त्यांपैकी कोण वाट्याला येईल हे कळणार नाही. त्यांनी काय केले, कसे केले आणि त्यातले काय टिकले, एवढेच लिहिते.

आधी जागेविषयी. आमच्या न्हाणीघरात शॉवरखाली वेगळा ट्रे नव्हता. टाइलच्या जमिनीलाच उतार देऊन पाणी कोपऱ्यातल्या जाळीकडे नेलेले होते. सांध्यांतील ग्राउट ठिकठिकाणी निघाले होते, टाइलखाली पाणी मुरत होते आणि शेजारच्या खोलीच्या भिंतीला खालून ओल धरू लागली होती. जाळीचा मध्य दोन्ही भिंतींपासून प्रत्येकी १५० मिलिमीटरवर होता. आम्ही निवडलेला ट्रे १२०० बाय ८०० मिलिमीटरचा, ४० मिलिमीटर जाडीचा, राळ आणि दगडाची पूड यांच्या मिश्रणाचा आहे. त्याचे निचऱ्याचे भोक ९० मिलिमीटर व्यासाचे असून त्याचा मध्य आखूड कडेपासून २०० आणि लांब कडेपासून ४०० मिलिमीटरवर आहे. म्हणजे एका दिशेने ५० आणि दुसऱ्या दिशेने २५० मिलिमीटर सरकायचे होते, आणि तिरके मोजल्यास ते अंतर २५५ होते.

हे काम टाळता आले असते का, याचा विचार मी नंतर बराच केला. कोपऱ्यात भोक असलेले ट्रे मिळतात, आणि ज्यांना जमीन फोडायचीच नाही त्यांनी आधी जाळीचे माप घेऊन मग ट्रे शोधायला निघावे हेच शहाणपणाचे आहे. आम्ही नेमके उलटे केले. काही ट्रे कडेने कापून लहान करता येतात आणि विक्रेता त्याचा उल्लेख मोठ्या उत्साहाने करतो, पण कापल्याने कड भोकाच्या जवळ येते, भोक हवे तिकडे जात नाही. आमच्या ट्रेची आखूड कड ५० मिलिमीटर कापली असती तर एका दिशेचा प्रश्न सुटला असता आणि दुसऱ्या दिशेचे २५० मिलिमीटर जसेच्या तसे राहिले असते. तिसरा मार्ग ट्रे पायांवर किंवा चौथऱ्यावर उचलून घेण्याचा, म्हणजे नवा पाइप त्याच्या पोटाखालून जमीन न फोडता नेता येतो. हा मार्ग स्वस्त आहे आणि पुढे दुरुस्तीलाही सोयीचा आहे, कारण समोरची पट्टी काढली की सांधा हाताला लागतो. मात्र त्यासाठी शॉवरमध्ये शिरताना १२० ते १५० मिलिमीटरची पायरी चढावी लागते, आणि आईच्या गुडघ्यांमुळे तो आमच्या घरात चालणार नव्हता. राहिला होता तो जमीन उघडण्याचाच मार्ग.

पाहणीला आलेल्या गृहस्थांनी सगळे काम वीस मिनिटांत उरकले. टाइलच्या पृष्ठभागापासून ४०० मिलिमीटर मोजून त्यांनी जमिनीवर खडूने फुली मारली, तिचे छायाचित्र घेतले आणि ‘पाइप थोडा वळवून घेऊ’ असे सांगून ते निघाले. कसा वळवणार, असे मी विचारल्यावर त्यांनी सांगितले की जुना ट्रॅप, म्हणजे पाणी साठवून वास अडवणारा भाग, आहे तिथेच राहील आणि ट्रेच्या भोकात बसणाऱ्या नव्या जोडापासून, म्हणजे वेस्ट कपलिंगपासून, त्याच्यापर्यंत लवचिक, कंगोऱ्यांचा पाइप टाकला जाईल, म्हणजे तोडफोड जवळजवळ होणारच नाही. ऐकायला हे फार सुखाचे होते. त्या एका वाक्यात दोन गंभीर चुका होत्या आणि जमिनीवरच्या फुलीत तिसरी होती, हे मला दोन दिवसांनी कळले.

कळले ते काम करायला आलेल्या प्लंबरकडून. त्यांनी कागदावरची सूचना वाचली, फुलीकडे पाहिले, आणि हातोड्याला हात न लावता ट्रेचे खोके उघडून त्याचा पुठ्ठा जमिनीवर पसरला. ‘‘ताई, आधी पुठ्ठा बसवून बघू. पुठ्ठा चुकला तर दुसरा मिळतो,’’ असे म्हणत त्यांनी तो ट्रेवरच ठेवून कडेकडेने पेन्सिल फिरवली, भोकाचे वर्तुळ खालून आखून घेतले आणि कटरने कापून १२०० बाय ८००चा हुबेहूब नमुना तयार केला. मग भिंतीच्या खालच्या दोन ओळींच्या टाइल काढल्या आणि पुठ्ठा थेट गिलाव्याला भिडवला. पुठ्ठ्यातल्या भोकाच्या मध्यावर ओळंबा सोडला तेव्हा त्याचे टोक खडूच्या फुलीवर न येता तिच्या अलीकडे, भिंतीच्या बाजूला, २५ मिलिमीटरवर स्थिरावले.

कारण अगदी साधे होते. ट्रेची कड टाइलला टेकत नाही; ती टाइलच्या मागे, उघड्या भिंतीला टेकते आणि नव्या टाइल ट्रेच्या कडेवर उतरतात, म्हणजे भिंतीवरून ओघळणारे पाणी थेट ट्रेमध्ये पडते. जुनी टाइल ८ मिलिमीटरची आणि तिच्यामागचा मसाला सुमारे १७ मिलिमीटरचा, असे ते २५ मिलिमीटर पाहणीत धरलेच नव्हते. एवढ्या फरकाने काय बिघडते, असे वाटू शकते. अशा जागी वेस्ट कपलिंगचा खालचा भाग आधी पाइपाला जोडून पक्का करावा लागतो, मग ट्रे वरून अलगद उतरवून वरची चकती आट्यांवर आवळायची असते. खालून हात घालायला जागाच नसते. ९० मिलिमीटरच्या भोकात इकडेतिकडे चार-पाच मिलिमीटर चालून जातात, पंचवीस चालत नाहीत. पाइप सॉल्व्हेंट सिमेंटने चिकटवून झाला असता आणि मग हे लक्षात आले असते, तर तो सांधा कापून पुन्हा करावा लागला असता, आणि लक्षात येऊनही जबरदस्तीने ट्रे बसवला असता तर रबरी वॉशर तिरका दबून पहिल्या दिवसापासून पाणी गळले असते.

उरलेल्या दोन चुका पाइपाविषयीच्या होत्या. नव्या वेस्ट कपलिंगमध्ये स्वतःचा ट्रॅप असतो. त्यात साधारण ५० मिलिमीटर खोलीचे पाणी साठून राहते आणि गटारातली दुर्गंधी वर येऊ देत नाही. त्याच्या पुढे जुना ट्रॅपही तसाच ठेवला, तर दोन पाण्यांच्या मध्ये हवा कोंडते, ती बाहेर पडायला वाट मागते आणि पाणी अडखळत, गुळगुळ आवाज करत उतरते. एका निचऱ्याला एकच ट्रॅप, हा नियम प्लंबरच्या धंद्यात पहिल्या वर्षी शिकवला जात असावा. लवचिक पाइपाचे दुखणे वेगळे आहे: त्याच्या आतल्या कंगोऱ्यांत केस आणि साबणाचा चिकटा धरतो, आधार नसेल तिथे तो झोळीसारखा लोंबतो, आणि अशा झोळीत पाणी कायमचे साचते. भांडी धुण्याच्या सिंकखाली, जिथे दार उघडून तो बदलता येतो, तिथे तो ठेवणे एकवेळ क्षम्य आहे. मसाल्यात गाडून वर ट्रे ठेवायचा असेल तेव्हा नाही. आमच्या प्लंबरने त्यांच्याच कार्यालयाला दूरध्वनी करून, मी ऐकत असताना, हे काम तसे करणार नाही असे सांगितले. या परीक्षणात मी जे काही चांगले लिहिणार आहे त्याचा निम्मा भाग त्या दूरध्वनीचा आहे.

जमीन फोडण्याआधी त्यांनी जुन्या पाइपाच्या तोंडात फडके कोंबले आणि त्याला बांधलेल्या दोरीचे दुसरे टोक नळाला अडकवले. मला आधी ही दोरी जरा अतिच वाटली. पण फडके पाइपात निसटले तर ते काढण्यासाठी सगळी लाइन उघडावी लागते, आणि ते लावलेच नाही तर टाइलचे तुकडे आणि मसाल्याची खडी थेट सांडपाणी खाली नेणाऱ्या उभ्या पाइपात जाते, हे लक्षात आल्यावर अशी दोरी प्रत्येक प्लंबरच्या पिशवीत असावी असे वाटू लागले.

आमची जमीन भरावाची होती, म्हणजे खाली काँक्रीटचा स्लॅब, त्यावर भराव आणि कोबा, आणि पाइप त्या भरावातून गेलेले. त्यामुळे छिन्नी स्लॅबपर्यंत पोहोचू न देता चर खणता आला. सगळीकडे हे इतके सरळ नसते. भराव नसलेल्या वरच्या मजल्यावर पाइप खालच्या छताच्या पोटातून न्यावा लागतो. स्लॅबमध्ये ताणलेल्या पोलादी तारा असतील तर तिथे तपासणीशिवाय छिद्र पाडणे जीवावर बेतू शकते. लाकडी तुळयांच्या मजल्यावर पाइपासाठी तुळई खाचणे म्हणजे निचऱ्यासाठी मजला कमजोर करणे होय. तळमजल्यावर काँक्रीट कापणे तुलनेने सोपे असले तरी त्याखाली ओल रोखणारा प्लास्टिकचा पडदा असू शकतो आणि तो फाटला तर तसाच बुजवता येत नाही. यांपैकी आपली जमीन कोणती, हा पाहणीतला पहिला प्रश्न असायला हवा होता. तो आम्हाला कोणीही विचारला नाही.

चर उघडल्यावर प्लंबरने भिंतीवर पेन्सिलने एक छोटी बेरीज मांडली. ती मी नंतर वहीत उतरवून घेतली, कारण या सगळ्या कामाचे होणे-न होणे त्या बेरजेवर अवलंबून होते. ट्रेच्या बुडापासून कपलिंगच्या बाहेर जाणाऱ्या नळीचा तळ ८० मिलिमीटर खाली. तिथून उभ्या पाइपापर्यंत १.६ मीटर. मीटरला २० मिलिमीटर, म्हणजे पन्नासास एक, असा उतार धरला तर ३२ मिलिमीटर. दोन्ही मिळून ११२. उभ्या पाइपाचे तोंड मिळत होते ते ट्रेच्या बुडापासून १३० मिलिमीटर खाली. म्हणजे हातात १८ मिलिमीटर शिल्लक होते आणि ट्रे जमिनीलगत बसू शकत होता. हीच बेरीज १३०च्या पुढे गेली असती, तर ट्रे तेवढा उचलावा लागला असता किंवा कमी उंचीचे कपलिंग शोधावे लागले असते. निचरा जितका दूर हलवावा तितका तो वर चढतो, हे शाळेतले गणित आहे. पण ट्रे विकत घेताना कोणी ते मांडत नाही. उतार मनाला येईल तसा कमी करूनही चालत नाही. पाणी कसेबसे जाते, पण केस आणि साबण मागे राहतात आणि सहा महिन्यांनी तेच पाणी ट्रेमध्ये उभे राहू लागते. ट्रॅपपासून लाइनमध्ये हवा येऊ देणाऱ्या पाइपापर्यंत किती अंतर चालते याचे नियम ठिकठिकाणी वेगळे आहेत, त्यामुळे लांब पल्ल्याचा निचरा हलवणाऱ्याने तो आकडा आपल्या भागातल्या नियमावरूनच घ्यावा.

जुना पाइप ४० मिलिमीटरचा होता. तो उभ्या पाइपापर्यंत पूर्ण काढून ५० मिलिमीटरचा टाकला. फक्त नवा तुकडा ५०चा टाकून पुढे तो ४०च्या पाइपात घुसवणे सोपे होते, पण पाणी ज्या दिशेने जाते त्या दिशेने पाइप कधीही अरुंद होता कामा नये, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते बरोबर होते. वळणासाठी त्यांनी ९० अंशांचा एक बेंड न वापरता ४५ अंशांचे दोन वापरले. सांधे जोडण्याची त्यांची पद्धत पाहण्यासारखी होती. पाइप काटकोनात कापणे, तोंडाची कूस कानशीने घासणे, आत किती जायला हवा तेथे पेन्सिलची खूण, कोरडे बसवून पाहणे, पुन्हा सोडवून पुसणे, प्रायमर, मग दोन्ही भागांना सॉल्व्हेंट सिमेंट, पाव वळसा देत खुणेपर्यंत दाबणे आणि अर्धा मिनिट हात न हलवता धरून राहणे. त्या अर्ध्या मिनिटात ते कोणाशी बोलतही नव्हते. हे सिमेंट पाइपाच्या जातीला जुळणारेच लागते. पॉलिप्रॉपिलिनचा पाइप त्याने चिकटतच नाही, त्याला रबरी कडीचे जोड वापरावे लागतात.

जुन्या ट्रॅपची जागा मोकळी झाल्यावर ती नुसती भरून न टाकता तिथल्या पाइपाचा तुकडा पूर्ण काढला, आणि उभ्या पाइपाकडचे जुने तोंड नव्या जोडासाठीच वापरले गेल्यामुळे बंद करायचे असे काही उरले नाही. जिथे जुने तोंड सुटे राहते तिथे त्यावर पक्के बूच बसवणे आवश्यक असते, नाहीतर भरावाखालून वास येत राहतो आणि त्याचा उगम कोणाला सापडत नाही.

त्यानंतर पहिली चाचणी झाली. पाइपाचे शेवटचे तोंड फुग्याच्या बुचाने बंद करून सगळी लाइन पाण्याने भरली, पाण्याच्या पातळीवर पेन्सिलने रेघ मारली आणि रात्रभर तशीच ठेवली. सकाळी रेघ आणि पाणी जागच्या जागी होते. तेव्हाच मी मोजपट्टी चरात आडवी ठेवून चार बाजूंनी छायाचित्रे घेतली. चर बुजला, जलरोधक लेपाचे दोन हात झाले, कोपऱ्यांत आणि पाइपाभोवती जाळीची पट्टी बसली. लेप वाळल्यावर जमिनीवर पाणी साठवून २४ तास ठेवले. पाहणीच्या गृहस्थांनी चार दिवस सांगितले होते, लागले सात, आणि वाढलेले तिन्ही दिवस वाळवण्यात आणि पाणी साठवून वाट पाहण्यात गेले. उशीर झाला म्हणून मी एकही गुण कापत नाही. खरे तर चार दिवसांत काम संपवून दिले असते तर मला अधिक काळजी वाटली असती.

इथपर्यंत सगळे उत्तम होते. गाडी घसरली ती ट्रे बसवण्याच्या दिवशी, कारण त्या दिवशी प्लंबर दुसऱ्या घरी गेले होते आणि ट्रे बसवायला वेगळी जोडी आली. ट्रे जड होता, दोघांनी उचलूनच आणावा लागला. त्यांनी जमिनीवर मसाल्याचे पाच ढीग ठेवले, चार कोपऱ्यांना चार आणि मध्ये एक, आणि ट्रे त्यावर ठेवण्याच्या तयारीत होते. उत्पादकाच्या माहितीपत्रकात संपूर्ण बुडाखाली मसाल्याचा सलग थर द्यावा असे स्पष्ट लिहिलेले होते आणि चित्रही होते. ते मी त्यांच्यासमोर धरले. थोडी कुरबूर करून त्यांनी ढीग पसरवून थर केला. पण मसाला तेवढाच, पाच ढिगांपुरताच होता, आणि पसरल्यावर तो दाराकडच्या कोपऱ्यात अपुरा पडला असावा. त्यांनी पाणसळ दोन्ही दिशांनी धरून दाखवली, ती बरोबर होती; पातळी बरोबर असलेला ट्रेही खालून पोकळ असू शकतो, हे त्या क्षणी माझ्या लक्षात आले नाही. मसाला ओला असतानाच बोटांच्या पेरांनी ट्रेभर ठोकून पाहायला हवे होते. ती चूक मी माझ्याही नावावर लिहिते.

सिलिकॉनही घाईत मारले. ट्रे आणि भिंत यांच्यातील फट भरताना ट्रेमध्ये वजन असावे लागते, मग ते पाण्याचे असो वा माणसाचे, म्हणजे ट्रे जितका दबणार आहे तितका दबलेला असताना सिलिकॉन वाळते आणि पुढे वजन आल्यावर ते ताणले जात नाही. आमचा ट्रे रिकामा होता. तीन आठवड्यांनी दाराकडच्या कोपऱ्यावर पाय पडला की बारीक कर्र असा आवाज येऊ लागला आणि त्याच कोपऱ्यातले सिलिकॉन भिंतीपासून केसाएवढे सुटले. बाकीचा ट्रे ठोकल्यावर दगडासारखा भरीव वाजतो. त्या कोपऱ्यात, साधारण तळहाताएवढ्या भागात, डबा वाजावा तसा आवाज येतो.

तक्रारीला पहिले उत्तर आले ते ‘नवीन ट्रे असतो तेव्हा होते असे’ हे. नवीन ट्रेला असे होत नसते. दुसऱ्या तक्रारीनंतर एक माणूस पाहायला आला आणि त्याने कोपऱ्याखाली फुगणारा फोम भरण्याचा प्रस्ताव मांडला. मी नकार दिला, कारण साधा फोम फुगताना ट्रेला उचलतो आणि बुडापाशी नुकताच पक्का झालेला कपलिंगचा सांधा त्यात ताणला जाऊ शकतो. कडेच्या टाइलमध्ये छिद्र पाडून तिथून पातळ मसाला भरता येईल का, हे पाहायचे ठरले आहे. सिलिकॉन मात्र पूर्ण खरवडून काढून पुन्हा मारले, या वेळी मी स्वतः ट्रेमध्ये दोन भरलेल्या बादल्यांसह उभी राहिले, आणि नंतरचे २४ तास बादल्या तिथेच ठेवल्या. ते सिलिकॉन आजवर सुटलेले नाही.

निचऱ्याचे काम कसे झाले, हे पाच महिन्यांच्या वापरावरून ठामपणे सांगता येते. मी एकदा १० लिटरची बादली ट्रेमध्ये ओतून घड्याळ लावले. सगळे पाणी उतरायला २५ सेकंद लागले, म्हणजे सेकंदाला ०.४ लिटर. आमच्या शॉवरमधून मिनिटाला ९ लिटर, म्हणजे सेकंदाला ०.१५ लिटर पाणी येते, हेही त्याच बादलीने मोजले. निचऱ्याची ताकद मागणीच्या अडीच पटींहून अधिक आहे, आणि ४० मिलिमीटर जाडीच्या, जवळजवळ काठ नसलेल्या ट्रेला तेवढी लागतेच. खोल ट्रेमध्ये पाणी थोडे तुंबले तरी ते आत राहते, अशा ट्रेमध्ये ते लगेच दाराबाहेर येते. झाकणाखालची वाटी वरून उचलून काढता येते, आठवड्याला तिच्यातले केस काढले की पुरे होते. गुळगुळ आवाज नाही, वास नाही. एकदा आम्ही महिनाभर बाहेर होतो तेव्हा परतल्यावर किंचित दुर्गंधी आली, कारण ट्रॅपमधले पाणी आटले होते. तांब्याभर पाणी ओतताच ती गेली. शेजारच्या खोलीच्या भिंतीवरची ओल वाळून आता तिथे फक्त डागाची कड उरली आहे.

ट्रेविषयी थोडक्यात. पाय घसरत नाही, आणि आई आधार न धरता आत जाते, हे त्याचे सर्वांत मोठे यश. त्याच खरखरीत पोतात साबणाचा राखाडी थर मात्र बसतो आणि तो नुसत्या पाण्याने जात नाही, मऊ ब्रश फिरवावा लागतो. दालनात याविषयी कोणी बोलले नव्हते.

पाहणीला मी पाचपैकी एक गुण देईन, प्लंबरच्या कामाला पाच, ट्रे बसवण्याला दोन आणि नंतरच्या सेवेला अडीच, तोही अर्धा सिलिकॉन पुन्हा मारून दिल्याबद्दल. ही सेवा पुन्हा घ्यायची झाली तर मी तीन गोष्टी आधी लेखी मागेन: भिंतीची टाइल काढून घेतलेले माप, ट्रेच्या बुडापासून उभ्या पाइपापर्यंतची उताराची बेरीज, आणि जमीन उघडणारा माणूसच ट्रे बसवायलाही येईल याची हमी. तिसरी बहुधा मिळणार नाही, कारण प्लंबर आणि बसवणारी जोडी यांचा हिशेब वेगळा असतो असे मला सांगण्यात आले.

चराची छायाचित्रे मी छापून बिलासोबत ठेवली आहेत. कोपरा पाहायला आलेल्या माणसाने टाइलमधून छिद्र पाडण्यासाठी जागा निवडली, तेव्हा मी ती त्याच्यासमोर ठेवली. मोजपट्टीवरच्या आकड्यांशी त्याने आपली खूण ताडून पाहिली, ती पाइपावरच येत होती, आणि त्याने ड्रिल खाली ठेवले. नवी खूण आता आखूड भिंतीच्या बाजूला, पाइपापासून लांब केलेली आहे. मसाला भरायला ते पुढच्या आठवड्यात येणार आहेत.